उशीर प्राथमिक शाळेत झाला

आपला देश फुटबॉलमध्ये हरला की दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात एक फॉर्म भरला जाई. फॉर्म रेल्वेचा होता, फुटबॉलशी त्याचा काही संबंध नव्हता. गाड्यांना उशीर का झाला हे लिहायचा तो छापील तक्ता. किती मिनिटं गेली, कुठे गेली, कारण काय, जबाबदार विभाग कोणता, असे चार रकाने. आमचे बडे बाबू त्यात आपण खाल्लेले गोल लिहायचे. त्यांच्या गोल गोल अक्षरातला एक फॉर्म माझ्याकडे अजून आहे. 'गोल दुसरा. ठिकाण: आपल्या गोलपोस्टची डावी बाजू. कारण: बॅकला डावा पाय वापरता आला नाही. विभाग: प्राथमिक शाळा.'

झाशीच्या कंट्रोल ऑफिसात ते हेड क्लार्क होते. सगळे त्यांना बडे बाबू म्हणत. मी एकटा काका म्हणे, कारण ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघेच होतो. त्यांचं घराणं पेशव्यांच्या वेळेपासून झाशीत. काकू रेल्वे क्वार्टरच्या हातभर स्वयंपाकघरालासुद्धा मुदपाकखाना म्हणत. माझे वडील भुसावळकडून बदलून आलेले, कानपूरच्या लाइनवर मोठ नावाचं गाव आहे तिथल्या स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. आमच्या घरात शाळेचं तोंड नीट पाहिलेला मीच पहिला, आणि बी. ए. झालो तेव्हा वडिलांनी निकालाचा कागद स्टेशन मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला होता. काकांनी पहिल्या दिवशी माझा अर्ज पाहिला आणि म्हणाले, "बस, ग्रॅज्युएट." त्या दिवसापासून माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

आमचं काम असं. काल ज्या गाड्या उशिरा आल्या त्यांची मिनिटं आज शोधायची. काका सकाळी फोन घेऊन बसत आणि एकेका स्टेशनाला विचारत. "मास्टर साहब, आपके यहाँ तीन मिनट ज़्यादा खड़ी रही, काहे?" मास्तर कारण सांगे. एखादा इंजिनवर ढकले, एखादा सिग्नलवर, एखादा सरळ म्हशीवर. काका ऐकून घेत आणि मग दुसऱ्या बाजूने विचारून खरं काढत. बावीस मिनिटं उशीर असेल तर बाविसाच्या बावीस जागेवर बसल्याशिवाय ते जेवणाचा डबा उघडत नसत.

"गाडी झाशीला उशिरा आली की लोक झाशीला शिव्या देतात," ते मला शिकवत. "झाशीत काय झालं? काही नाही. दोन मिनिटं तिकडे गेली, तीन त्याच्या अलीकडे, चार त्याच्याही अलीकडे. उशीर दिसतो एकीकडे, होतो दुसरीकडे. तू मागे जायला शीक."

आणि मग ते हमखास फुटबॉलवर येत. सामना सुरू होऊन ऐंशीव्या मिनिटाला गोल खाल्ला की लोक गोलकीपरला धोपटतात. पण गोलकीपर म्हणजे झाशी स्टेशन. त्याच्यापर्यंत चेंडू आला तो बॅकमुळे, बॅकला डावा पाय नव्हता, आणि डावा पाय नव्हता कारण तो आठ वर्षांचा असताना त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की देवाने दोन दिलेत.

हे सगळं झाशीत! जिथे पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात हॉकीची काठी येते आणि फुटबॉल म्हणजे काठी न परवडणाऱ्यांचा खेळ समजतात. कंट्रोलर मिश्राजी त्यांना रोज छेडत. "काए बड़े बाबू, फिर हार गए तुम्हारे मोड़ा? पाँव से तो गधा भी मार लेत. हॉकी खेलो, हॉकी."

"मिश्रा, हॉकी में हम पहुँच चुके हैं. जो गाड़ी पहुँच गई उसका मैं क्या करूँ? मेरी नौकरी लेट गाड़ियों की है."

डाव्या पायावर त्यांचा फार जीव. स्वतःही घरून ऑफिसात येताना वाटेतला खडा डाव्या पायाने ढकलत आणायचे. तोच खडा, अर्धा मैल. ऑफिसच्या पायरीपाशी तो ठेवून वर यायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. त्यामुळे त्यांचा डावा बूट उजव्याच्या चार महिने आधी फाटे. मोची विचारी, "बाबूजी, एक ही बनाऊँ?"

संघ पुन्हा पुन्हा हरू लागला तसं त्यांनी देशाच्या फुटबॉल संघटनेला पत्र लिहायचं ठरवलं. सांगणारे ते, लिहिणारा मी. अकरा पानं झाली. चार वेळा मी ती स्वच्छ उतरवली. एकेका वाक्यावरून ते मला उठवत-बसवत. "'दयनीय' काढ. 'उशिरा' लिही. संघ वाईट नाही रे, उशिरा आहे." त्या पत्रात होतं की दर पराभवानंतर प्रशिक्षक बदलून काही होत नाही, इंजिन बदललं म्हणून वाकडा रूळ सरळ होत नाही. होतं की स्पर्धेआधी महिनाभर शिबिर भरवता, पण चांगला ड्रायव्हर पाच मिनिटं भरून काढेल, दहा वर्षं कशी काढेल? होतं की देशात दोन-चार शहरांतच पोरं सामने खेळतात. मोठच्या पोराने चेंडू मारलेला कुणाला दिसणार, आणि टहरौलीच्या पोराचं तर नावच नको, तिथे अजून रेल्वेसुद्धा गेलेली नाही. आणि शेवटी उपाय एकच होता. दहा वर्षांच्या पोरांचा सामना, दर रविवारी, ठरल्या वेळी, देशातल्या प्रत्येक लहान गावात. बघायला कुणी असो नसो. 'पॅसेंजर गाडीत चार माणसं असली तरी ती सुटते, म्हणून लोक तिच्यावर भरवसा ठेवतात.'

दोन महिन्यांनी छापील पोच आली. पत्र मिळालं, एवढंच. मी खट्टू झालो. काका खूश. "अरे, पोच आली म्हणजे गाडी पुढच्या स्टेशनात पोचली. लाइन मोकळी झाली की सोडतील."

"आणि नाही सोडली तर?"

"तोवर आपण आपला सेक्शन सांभाळू."

सेक्शन म्हणजे आमच्या कॉलनीचं मैदान. काकांनी चार संघ उभे केले. लोको कॉलनीचा एक, बाजारातल्या पोरांचा एक, लक्ष्मी ताल या तळ्याकडच्या वस्तीचा एक, आणि चौथा मोठचा. हा चौथा त्यांनी माझ्यामुळे घेतला, आणि त्यासाठी स्वतः जाऊन माझ्या वडिलांना भेटून आले. मोठची अकरा पोरं रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येत. ती झाशीला आठला दहा कमी असताना लागे, आणि साडेआठला सामना. घड्याळ कंट्रोलच्या घड्याळाशी जुळवलेलं. साडेआठ वाजले की शिट्टी. एकदा बाजारवाल्यांची पाचच पोरं आली होती, तरी शिट्टी झाली. पाच जणांनी नऊ गोल खाल्ले. पुढच्या रविवारी अकराच्या अकरा पोरं सव्वाआठलाच हजर.

पहिले सहा आठवडे त्यांनी पोरांच्या उजव्या पायात बूट आणि डावा अनवाणी ठेवला, आणि चेंडू फक्त अनवाणी पायाने मारायचा. आया भांडायला आल्या. काकूंनी त्यांना मुदपाकखान्यात नेऊन चहा पाजला आणि म्हणाल्या, "तुमच्या पोराचं सहा आठवड्यांचं आहे. मी सत्तावीस वर्षं बघतेय."

मैदानावर मात्र दुसऱ्यांचाही डोळा होता. साहेब लोकांच्या क्लबाला तिथे टेनिसचं कोर्ट हवं होतं. खेळांचं काम पाहणारे जे अधिकारी होते ते सरळ मनाचे. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, "बड़े बाबू, एक साल. हर इतवार, टाइम पर, दोनों टीमें मैदान में. एक भी इतवार चूका तो ग्राउंड क्लब का. साल पूरा हुआ तो लिखकर दे दूँगा, इतवार बच्चों का."

काकांनी हात जोडले आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. येता-जाता एकच. "साडेआठ चुकले की संपलं, ग्रॅज्युएट. सगळं संपलं." पाऊस झाला, होळी झाली, भर थंडीत धुक्यामुळे पलीकडचा गोलपोस्ट दिसेना तेव्हा तिथे एक जण ताट वाजवत उभा केला. एकही रविवार चुकला नाही. अशा रीतीने नऊ महिने निघाले.

मग तो रविवार आला. मोठ विरुद्ध लोको कॉलनी, आणि साहेब स्वतः बघायला येणार होते. काका सातपासूनच मैदानावर. मी ऑफिसात ड्युटीवर, शेजारी कंट्रोलवर मिश्राजी.

त्या काळी कानपूरची लाइन एकेरी होती. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला कुठल्या तरी स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागे आणि दुसरी गेली की मग पुढे. कुणी थांबायचं हे कंट्रोलर ठरवी. एक्सप्रेस आणि पॅसेंजर असतील तर थांबायचं पॅसेंजरने, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी झाशीहून निघणारी एक्सप्रेसच पाऊण तास उशिरा सुटली. म्हणजे तिकडून येणारी आमची पॅसेंजर पाऊण तास मध्येच अडकणार आणि झाशीला साडेआठनंतर लागणार. मी कागदावर तीनदा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा आठ पस्तीस.

मी मिश्राजींना हिंदीत विनवलं, "भैया, पॅसेंजर एक स्टेशन पुढे येऊ द्या ना. एक्सप्रेस तिथे थांबेल. पाच-सहा मिनिटांचा प्रश्न आहे."

मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं. "एक्सप्रेस को पैसेंजर के लिए? बावरे हो गए का?"

"ती आधीच पाऊण तास उशिरा आहे. सहा मिनिटांनी कुणाचं काय जातं? मोठची पोरं आहेत, भैया. साहेब मैदानावर घड्याळ घेऊन बसलेत."

मिश्राजींनी समोरचा तक्ता पाहिला. रोज गाढवावरून चेष्टा करणारा हा माणूस. पण त्याचा पुतण्या लोको कॉलनीकडून खेळायचा हे मला माहीत होतं. त्यांनी फोन उचलला आणि स्टेशनाला हुकूम दिला.

पॅसेंजर सव्वाआठला लागली. मोठची पोरं स्टेशनापासून पळत आली. साडेआठला शिट्टी झाली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आणि मोठच्या एका पोराने डाव्या पायाने गोल केला. काका दुपारी ऑफिसात आले ते मला मिठी मारायलाच. "पाऊण तास एक्सप्रेस लेट, तरी पोरं पोचली! कशी रे?" मी नुसता हसलो. त्या दिवशी मला वाटलं की त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्याची थोडी तरी परतफेड झाली.

सोमवारी सकाळी ते फोन घेऊन बसले.

"एक्सप्रेस एक्कावन्न मिनिटं उशिरा पोचली," ते पुटपुटले. "पंचेचाळीस इथली. ती कळली. वरची सहा कुठे?" मग त्यांनी स्टेशनाला फोन लावला. पलीकडच्या मास्तरांचा आवाज मलाही ऐकू आला. "कंट्रोल का ऑर्डर था, बाबूजी. पैसेंजर को आगे लिया."

काकांनी फोन ठेवला आणि मिश्राजींकडे पाहिलं. मिश्राजी टेबलाकडे बघत होते. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी उभा राहिलो.

"काका, मी सांगितलं त्यांना."

"का?"

"साडेआठ चुकले असते."

 त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं अजून वेळ आहे. "काका, इंजिनने पाणी घेतलं असं लिहू. सहा मिनिटं लोकोच्या इंजिनवाल्यांवर टाकू. ते आपल्यावर रोज टाकतात, कोण विचारतंय?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. आवाज चढला नाही. "ग्रॅज्युएट, अकरा पानं तू चार वेळा उतरवलीस. आपला संघ का हरतो ते तुला अजून कळलंच नाही का रे?"

 आजही त्या वाक्यापाशी मी अडखळतो.

"माझं नाव लिहा," मी म्हणालो. मी अजून नोकरीत पक्का झालो नव्हतो. नाव गेलं असतं तर नोकरी गेली असती, आणि मोठला वडिलांना काय सांगायचं हे मला उभ्या उभ्या सुचत नव्हतं. तिकडून मिश्राजी म्हणाले, "काए को बच्चे का? ऑर्डर मेरा था. मेरा लिखो, बड़े बाबू."

"ऑर्डर तुम्हारा था. तुमने इसकी सुनी. और इसने किसकी सुनी?" काकांनी फॉर्म ओढला. "नऊ महिने इथे कोण ओरडत होतं, साडेआठ चुकले की सगळं संपलं म्हणून? मागे जायचं, ग्रॅज्युएट. जिथून निघालं तिथवर जायचं." आणि लिहिलं. 'मिनिटं सहा. कारण: मुलांच्या फुटबॉल सामन्यासाठी पॅसेंजर पुढे घेतली. जबाबदार: हेड क्लार्क.' खाली सही, तारीख.

तो कागद वर गेला. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. फायली धरायला मी बरोबर होतो. साहेब खरंच दुःखी दिसत होते. "आपने ख़ुद क्यों लिखा, बड़े बाबू? इंजन पर डाल देते. मैं आँख मूँद लेता."

"आप मूँद लेते, साहब. मेरी खुली रहती."

"अब ग्राउंड नहीं दे सकता. ऊपर वालों ने पढ़ लिया है."

"जी. नहीं देना चाहिए," काका म्हणाले, आणि त्यांचं ते म्हणणं खरं होतं हे मला जास्त लागलं. फायलीत त्यांच्या नावावर ठपका बसला. सत्तावीस वर्षांतला पहिला.

पुढच्या रविवारी मला ऑफिसात बसवेना. सुट्टी घेऊन सकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. माफी कशी मागायची याची वाक्यं वाटेत जुळवली होती. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. "ते? ते गेले की. लोको कॉलनीची अकरा पोरं घेऊन, मोठच्या पॅसेंजरने. तुला सांगितलं नाही? म्हणाले, पोरं मैदानाकडे येत नसतील तर मैदान पोरांकडे नेऊ."

मी पळत स्टेशनवर आलो. पॅसेंजर निघून गेली होती. मागून येणाऱ्या मालगाडीच्या गार्डने ओळखीने डब्यात घेतलं. मोठला उतरलो तेव्हा साडेनऊला ठरलेला सामना उशिराने, आत्ता कुठे सुरू होत होता, कारण मैदान कसलं, धान्यमंडीचे बैल बांधायची ती मोकळी जागा, रुळांना लागून. बैल हलवण्यातच वेळ गेला होता. गोलपोस्ट म्हणून बांबू. आणि बाजूच्या रेषेवर माझे वडील, सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म घालून, हातात कामावरची लाल आणि हिरवी झेंडी. काकांनी त्यांना लाइन्समन केलं होतं. हिरवी म्हणजे चालू द्या, लाल म्हणजे ऑफसाइड.

काकांनी मला पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "बोलू नकोस. त्या बैलाला धर, तो परत येतोय."

मी दोरी धरून उभा राहिलो. सामना अटीतटीचा चालला. पाच मिनिटं उरली असताना झाशीची गाडी स्टेशनात आली. त्याच गाडीने लोकोच्या पोरांना परत जायचं होतं. पुढची गाडी थेट अडीचला. गार्ड ओळखीचा होता. तो फलाटाच्या टोकाला येऊन ओरडला, "बाबूजी, खेल ख़तम कर लो! दो मिनट रोक लूँ?"

"ख़बरदार!" मैदानाच्या मधून काका एवढ्या जोराने ओरडले की बैलाने दोरीला हिसका दिला. "एक सेकंद नहीं! छोड़िए गाड़ी!"

इंजिनने शिट्टी दिली. नेमक्या त्याच वेळी लोकोचा एक पोरगा सगळ्यांच्या पुढे एकटा उभा होता आणि चेंडू त्याच्याकडे गेला. वडिलांनी सवयीने लाल झेंडी वर केली. रुळांपासून वीस पावलांवर! ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. काका शिट्टी हातात तशीच धरून वडिलांकडे धावले. "झेंडी खाली! पॉइंट्समन, झेंडी खाली! गाडी थांबेल!"

वडिलांनी झेंडी खाली घेऊन चक्क पाठीमागे लपवली. पोराने गोल मारला. मोठची पोरं ऊर बडवू लागली. "ऑफसाइड हतो! ऑफसाइड हतो!" लोकोची पोरं नाचत होती, आणि त्यांच्यामागून एकेक डबा सरकत होता.

काका धापा टाकत वडिलांसमोर उभे राहिले. "खरं सांगा. होता का ऑफसाइड?"

वडील आयुष्यात कुठल्या बाबूशी मान वर करून बोलले नव्हते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "होता, साहेब."

"गोल नाही," काकांनी हात वर करून जाहीर केलं. लोकोच्या पोरांचा एकच गलका झाला. "झेंडी मी खाली करायला लावली, चूक माझी. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, पॉइंट्समनवर नाही."

शेवटचा डबा फलाटाबाहेर पडला. काकांनी घड्याळ काढून पाहिलं. गाडी वेळेवर सुटली होती. अकरा पोरं, ते आणि मी अडीच वाजेपर्यंत मोठला अडकलो होतो, आणि आई इतक्या माणसांना काय वाढणार हा विचार मी करू लागलो होतो. काकांनी चेंडू उचलला, रेषेजवळ नेऊन ठेवला, आणि वडिलांना म्हणाले, "पाच मिनिटं बाकी आहेत. आता दाखवा पाहिजे ती झेंडी."

आणि त्यांनी शिट्टी फुंकली.